लेड बेली : तुरुंगातून लोकमानसात पोहोचलेला आवाज

१९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील रेडिओवर आणि घरोघरीच्या ग्रामोफोनवर एक गाणे सातत्याने ऐकू येत होते. 'द वीव्हर्स' या गायकसमूहाने गायिलेले 'गुडनाइट, आयरीन' हे गीत १३ आठवडे लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच्या लाखो ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या. ज्या लोकगायकाकडून हे गाणे वीव्हर्सना मिळाले, ते ह्यूडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली मात्र हे यश पाहण्यास हयात नव्हते. काही महिन्यांपूर्वीच न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले होते. गाण्याने त्यांना ओळख दिली, कीर्ती दिली. परंतु त्या गाण्याचे मोल त्यांच्या पदरात कधीच पुरेसे पडले नाही.

बालपण आणि संगीताचे संस्कार

ह्यूडी लेडबेटर यांचा जन्म अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात मूरिंग्सपोर्टजवळील एका मळ्यावर झाला. त्यांच्या जन्मवर्षाबाबत एकवाक्यता नाही. १८८८ आणि १८८९ अशी दोन वर्षे सांगितली जातात. गुलामगिरी कायद्याने संपून दोन दशके उलटली होती, तरी दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचे जीवन कापसाच्या शेतीशी आणि गोऱ्या जमीनदारांशी जखडलेलेच होते. अशा परिस्थितीत वेस्ली आणि सॅली लेडबेटर या दांपत्याने कष्टाने पैसा साठवून टेक्सास राज्याच्या सीमेलगत स्वतःची जमीन घेतली.

ह्यूडी यांना काका टेरेल यांच्याकडून पहिले वाद्य मिळाले, ते अ‍ॅकॉर्डियन. पुढे गिटार हाती आली आणि ते गावोगावच्या नाचगाण्याच्या मैफलींत वाजवू लागले. शेतावरील श्रमगीते, चर्चमधील भजने, मुलांची खेळगाणी, गुराख्यांची गाणी, प्रेमगीते असे जे कानी पडे ते त्यांच्या स्मरणात कायमचे राही. तरुणपणी श्रीव्हपोर्ट शहरातील फॅनिन स्ट्रीट या बदनाम वस्तीत त्यांनी पियानोवादकांची डाव्या हाताची भारदस्त लय ऐकली आणि ती गिटारवर उतरविण्याचा प्रयत्न केला. १९१० नंतरच्या काही वर्षांत डॅलस शहरात अंध ब्लूज गायक ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्यासमवेत त्यांनी रस्त्यांवर आणि आगगाडीतून फिरत गायन केले. त्याच सुमारास बारा तारांची गिटार त्यांनी आपलीशी केली. तिचा खणखणीत, घुमणारा नाद ही पुढे त्यांची ओळख ठरली.

तुरुंगाच्या भिंतींआड

लेडबेटर यांचा स्वभाव तापट होता. १९१५ मध्ये पिस्तूल बाळगल्याप्रकरणी त्यांना शिक्षा झाली व साखळदंडाने बांधलेल्या कैद्यांच्या टोळीत काम करावे लागले. तेथून ते पळाले आणि वॉल्टर बॉइड या नावाने राहू लागले. परंतु १९१८ मध्ये एका भांडणात झालेल्या नातेवाइकाच्या हत्येबद्दल ते दोषी ठरले. या वेळी शिक्षा दीर्घ मुदतीची होती. टेक्सासमधील तुरुंगांच्या शेतांवर राबताना त्यांनी कैद्यांची असंख्य गाणी आत्मसात केली. 'लेड बेली' हे नावही त्यांना तुरुंगातच मिळाले. लेड म्हणजे शिसे आणि बेली म्हणजे पोट. आडनावावरील ही कोटी होती की त्यांच्या काटकपणाचा गौरव, याविषयी निरनिराळ्या कथा आहेत.

टेक्सासचे गव्हर्नर पॅट नेफ तुरुंगाच्या भेटीस आले असता लेड बेली यांनी आपल्या सुटकेची विनंती गाण्यातून त्यांच्यापुढे मांडली. कैद्यांना माफी देणार नाही, अशी भूमिका घेऊन निवडून आलेल्या नेफ यांनी जानेवारी १९२५ मध्ये, पद सोडण्यापूर्वी, त्यांच्या माफीच्या आदेशावर स्वाक्षरी केली. तोवर त्यांची सुमारे सात वर्षे तुरुंगात गेली होती.

१९३० मध्ये मूरिंग्सपोर्ट येथे एका गोऱ्या व्यक्तीवर चाकूहल्ला केल्याच्या आरोपावरून त्यांना पुन्हा शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी लुइझियानातील अँगोला तुरुंगात झाली. १९३३ मध्ये लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स आणि त्यांचे पुत्र अ‍ॅलन हे 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी गाणी मुद्रित करीत या तुरुंगात पोहोचले. मोटारीत ठेवलेले अवजड ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन हे पितापुत्र दक्षिणेतील तुरुंग पालथे घालीत होते. बाहेरच्या जगाचा वारा न लागलेली जुनी गाणी कैद्यांकडे सापडतील, असा त्यांचा विश्वास होता. लेड बेली यांच्या रूपाने त्यांना गाण्यांचे चालतेबोलते भांडारच सापडले.

पुढील वर्षी लोमॅक्स पुन्हा आले. या वेळी गव्हर्नर ओ. के. अ‍ॅलन यांना उद्देशून रचलेले विनंतीगीतही मुद्रित झाले आणि ती तबकडी गव्हर्नरांच्या कार्यालयात पोहोचविण्यात आली. १ ऑगस्ट १९३४ रोजी लेड बेली सुटले. गाण्याने दुसऱ्यांदा तुरुंगाचे दार उघडले, ही आख्यायिका त्यातूनच जन्मली. शासकीय नोंदी मात्र ही सुटका चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणाऱ्या नियमित सवलतीमुळे झाल्याचे सांगतात.

न्यूयॉर्कमधील वर्षे

सुटकेनंतर लेड बेली जॉन लोमॅक्स यांचे मोटारचालक व सहायक झाले. १९३५ च्या प्रारंभी दोघे न्यूयॉर्कमध्ये आले, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या कलेपेक्षा गुन्ह्यांविषयीच अधिक लिहिले. एका वृत्तपटात त्यांना स्वतःच्याच तुरुंगवासाचा प्रसंग अभिनयाने दाखवावा लागला. स्वतः लेड बेली नीटनेटका सूट आणि बो टाय पसंत करीत. प्रेक्षकांना मात्र त्यांच्यात कैदी पाहावयाचा होता.

कार्यक्रमांच्या उत्पन्नापैकी दोन तृतीयांश भाग लोमॅक्स पितापुत्रांकडे आणि एक तृतीयांश गायकाकडे, अशी वाटणी ठरली होती. काही महिन्यांतच दोघांचे बिनसले. हाती पैसे एकरकमी न देता हप्त्याहप्त्याने देण्याच्या प्रकारामुळे दुखावलेल्या लेड बेली यांनी कायद्याचा आधार घेऊन आपली रक्कम मिळविली. तथापि, याच लोमॅक्स यांच्यामुळे त्यांची गाणी काळाच्या उदरात गडप होण्यापासून वाचली, हेही तितकेच खरे. हा उपकार आणि हा अन्याय परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत.

जानेवारी १९३५ मध्ये लेड बेली यांचा मार्था प्रॉमिस यांच्याशी विवाह झाला आणि पुढे न्यूयॉर्क हेच त्यांचे घर झाले. त्याच वर्षी एका ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांची सुमारे ४० गाणी मुद्रित केली. त्यांतील मोजकीच बाजारात आली व तीही फारशी विकली गेली नाहीत. शहरी कृष्णवर्णीय श्रोत्यांना ही गाणी मागे सोडून आलेल्या खेड्याची वाटत. त्यांना खरा श्रोता लाभला तो डाव्या विचारांच्या तरुण, बहुतांशी गोऱ्या वर्तुळात. वुडी गथ्री, पीट सीगर, सनी टेरी, ब्राउनी मॅकगी हे त्यांचे सहकारी बनले. वॉशिंग्टन येथे वर्णभेदामुळे निवासाची जागा मिळणे अशक्य झाल्याच्या अनुभवातून त्यांनी 'बूर्ज्वा ब्लूज' हे गीत रचले. देशाच्या राजधानीवर इतक्या थेट शब्दांत टीका करणारी गाणी त्या काळी विरळाच होती.

१९३९ मध्ये मारहाणीच्या प्रकरणात त्यांना पुन्हा काही महिने तुरुंगवास घडला. १९४० च्या दशकात मात्र मोझेस अ‍ॅश यांच्या छोट्या ध्वनिमुद्रण संस्थेत त्यांनी मनमोकळेपणाने गायन केले. मुलांसाठीच्या खेळगाण्यांचा एक संचही त्यात होता. रेडिओवरूनही त्यांचा आवाज घरोघरी पोहोचला. पैसा मात्र कधीच फारसा हाती आला नाही.

अखेर आणि नंतरची कीर्ती

१९४९ मध्ये ते पॅरिसच्या दौऱ्यावर गेले असता त्यांच्या स्नायूंची शक्ती क्षीण होत असल्याचे लक्षात आले. मज्जातंतूंच्या असाध्य विकाराचे निदान झाले. गिटारवर हुकमत गाजविणारी बोटे हळूहळू निकामी होत गेली. ६ डिसेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. मूरिंग्सपोर्टजवळील शिलो बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

'गुडनाइट, आयरीन' त्यानंतर गाजले. हे गाणे लेड बेली यांना आपल्या काकांकडून मिळाले होते आणि त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील एका जुन्या गीतात असावे, असे अभ्यासक मानतात. परंतु त्याला आजचे रूप दिले ते त्यांनीच. त्याच्या हक्कांत मात्र जॉन लोमॅक्स यांचेही नाव सहरचनाकार म्हणून लागले. लोकगीताचा धनी कोण, ते गाणारा, ते टिपणारा की ज्या समाजाने ते घडविले तो समाज, हा प्रश्न लेड बेली यांच्या चरित्राने ठळकपणे पुढे आणला.

१९५६ मध्ये ब्रिटनमध्ये लॉनी डोनेगन यांनी गायिलेले 'रॉक आयलंड लाइन' प्रचंड गाजले. लेड बेली यांनी हे गाणे अर्कान्सासमधील कैद्यांकडून ऐकले होते. त्याने प्रेरित होऊन हजारो ब्रिटिश मुलांनी गिटार हाती घेतली. लिव्हरपूलमधील ज्या पथकातून पुढे 'बीटल्स' घडले, ते याच लाटेत उभे राहिले. १९८८ मध्ये अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये लेड बेली यांचा समावेश झाला. १९९३ मध्ये 'निर्वाणा'च्या कर्ट कोबेन यांनी त्यांचे एक गाणे गाऊन नव्या पिढीला त्यांचा परिचय करून दिला.

लेड बेली यांच्या हातून घडलेले गुन्हे नाकारता येत नाहीत आणि त्यांच्यावर झालेला अन्यायही. कापसाच्या शेतांवर आणि तुरुंगांच्या आवारात राबणाऱ्या, इतिहासात ज्यांची नावेही नाहीत अशा माणसांचा आवाज त्यांनी आपल्या कंठात जतन केला. ती माणसे गेली, ते मळेही बदलले. बारा तारांच्या गिटारीवरील तो नाद मात्र आजही ऐकू येतो.