मेंदूच्या सीमा आखणारे ब्रोडमन

डिचोली तालुक्यातील शिरगावच्या रहिवाशाला हद्दीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. श्री लईराई देवीच्या या गावाच्या भूगर्भात लोहखनिज आहे. खाणीची रेषा कोठे थांबते आणि देवालय, वस्ती, शेत कोठून सुरू होते, हा प्रश्न येथे कागदापुरता राहत नाही. मानवी मेंदूच्या बाबतीत असाच प्रश्न शतकापूर्वी एका जर्मन डॉक्टरांनी हाती घेतला. त्यांचे नाव कोर्बिनियन ब्रोडमन. एमआरआयच्या साहाय्याने मेंदूचा अभ्यास करणारे संशोधक आजही त्यांनीच दिलेले क्रमांक वापरतात.

ब्रोडमन यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८६८ रोजी दक्षिण जर्मनीतील लिगर्सडॉर्फ या खेड्यात झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८९५ साली त्यांना व्यवसायाची परवानगी मिळाली. पुढे घटसर्पाने ते आजारी पडले. त्या आजारातून सावरत असताना अलेक्झांडर्सबाद येथे ऑस्कर फोग्ट या मेंदूतज्ज्ञांशी त्यांचा संबंध आला आणि आयुष्याची दिशा बदलली. १८९८ साली लाइपझिग येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात त्यांना अलोइस अल्झायमर भेटले. त्यांच्या सहवासात मेंदूच्या मूलभूत अभ्यासाची ओढ पक्की झाली. १९०१ साली ते बर्लिनला फोग्ट यांच्या संस्थेत रुजू झाले.

तेथील काम चिकाटीचे होते. मेंदूचे अत्यंत पातळ काप करावयाचे, फ्रान्झ निस्सल यांच्या पद्धतीने ते रंगवावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काप तपासावयाचा. या रंगाने पेशींची शरीरे उठून दिसतात. मेंदूच्या बाह्य आवरणात साधारणपणे पेशींचे सहा थर असतात. परंतु थरांची जाडी, पेशींची दाटी आणि आकार सर्वत्र सारखे नसतात. ही रचना जेथे बदलते, तेथे ब्रोडमन सीमा आखीत. डोक्याच्या मागील बाजूस, दृष्टीशी निगडित भागात चौथा थर ठळक दिसतो. ते क्षेत्र १७. हालचालींशी निगडित भागात चौथा थर जवळजवळ दिसत नाही, मात्र पाचव्या थरात अवाढव्य पेशी असतात. ते क्षेत्र ४. पृष्ठभागावरील घड्या आणि खाचा या सीमांशी नेहमी जुळत नाहीत, हेही त्यातून स्पष्ट झाले.

१९०९ साली त्यांचा ग्रंथ लाइपझिगहून प्रसिद्ध झाला. मानवासह अनेक सस्तन प्राण्यांच्या मेंदूंची तुलना त्यात आहे. क्रमांक ५२ पर्यंत जातात. त्यांपैकी काही मानवी नकाशात नाहीत.

एवढे काम करूनही बर्लिनच्या वैद्यकीय विद्याशाखेने अध्यापनाच्या अधिकारासाठी सादर केलेला त्यांचा प्रबंध नाकारला. १९१० साली ते ट्युबिंगेनला गेले; तेथे १९१३ साली प्राध्यापकपद मिळाले. १९१६ पासून त्यांनी हाले येथे काम केले. १९१७ साली विवाह झाला, पुढील वर्षी कन्या जन्मली. म्युनिकमध्ये एमिल क्रेपेलिन यांच्या नव्या संशोधन संस्थेत मनाजोगे पद मिळाले, तेही १९१८ सालीच. त्याच वर्षी २२ ऑगस्ट रोजी रक्तातील जंतुसंसर्गाने त्यांचे निधन झाले. पन्नाशी गाठावयास तीन महिने उरले होते.

त्यांचा नकाशा मात्र पुढे गेला, आणि जाताना त्यातील पेशी मागे राहिल्या. १९८८ साली फ्रान्समधील तालेराख आणि तुर्नू यांनी एका ६० वर्षीय मृत महिलेच्या मेंदूवर आधारलेला नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. त्यावरील ब्रोडमन क्रमांक सूक्ष्मदर्शकाने तपासून नव्हे, तर मूळ चित्राशी नजरेने जुळवून दिलेले होते. पुढे कार्यात्मक एमआरआयच्या अभ्यासांत हेच क्रमांक सर्रास वापरले गेले. नेहमीच्या एमआरआयमध्ये पेशी दिसत नाहीत. त्यामुळे संशोधकाला प्रथम क्षेत्र ठरवावे लागते: खाचा पाहून हाताने आखावे किंवा तयार नकाशा त्या मेंदूवर बसवावा. सीमा चुकली, तर एका भागाचे कार्य शेजारच्या भागाच्या नावावर जाते.

१९९९ साली कात्रिन आमुंट्स, कार्ल त्सिलेस व सहकाऱ्यांनी दहा मेंदूंमधील वाचेशी निगडित ४४ व ४५ ही क्षेत्रे पुन्हा सूक्ष्मदर्शकाने तपासली. व्यक्तीगणिक त्यांचा आकार लक्षणीय बदलतो, असे आढळले. म्हणूनच आता अनेक मेंदूंवरून संभाव्यता दाखवणारे नकाशे तयार होतात. २०१६ साली २१० निरोगी तरुणांच्या एमआरआयवरून मेंदूच्या प्रत्येक बाजूस १८० क्षेत्रे दाखवण्यात आली. वाचेच्या भागाजवळील गाठ काढताना शल्यविशारद केवळ क्रमांकावर विसंबत नाहीत. अनेकदा रुग्णाला जागे ठेवून, बोलते करून ते ती जागा पडताळतात.

मेंदूचा अमुक भाग अमुक विचाराने उजळला, अशा बातम्या आता वरचेवर येतात. त्या भागाची हद्द कोणी आणि कशावरून ठरवली, हे त्यांत क्वचितच असते. ब्रोडमन यांनी आपल्या प्रत्येक सीमेला पेशींचा पुरावा जोडला होता. बातमी लिहिणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी निदान तेवढी विचारणा करावयास हवी.