नारायण शेषाद्री
नारायण शेषाद्री (मृत्यू : १८९१) हे जालना परिसरात कार्य केलेले मराठी ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ते जन्माने ब्राह्मण होते. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना प्रभूची आज्ञा शिरोधार्य मानून त्यांनी १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे घर व जात दोन्ही दुरावली. धाकटे बंधू श्रीपत यांचाही तोच मार्ग धरण्याचा विचार होता; परंतु ते अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्यांना वडिलांच्या स्वाधीन केले. १८५४ मध्ये नारायण यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. पुढे जालन्यास राहून त्यांनी मांग व इतर दलित समाजांत कार्य केले. निजामाच्या राज्यात मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. जातीबाहेर पडलेल्या ख्रिस्ती कुटुंबांना तेथे उपासनेसह शिक्षण व उपजीविकेचाही आधार लाभला.