सावित्रीमाईंचा अखेरचा धडा

नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीमाईंनी १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकविले, हे सर्वश्रुत आहे. आम्हां शिक्षकांना त्यांचे अखेरचे दिवसही तितकेच वंदनीय वाटतात. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. माईंनी दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्याकरवी शहराबाहेर दवाखाना उघडविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाड कुटुंबातील बालकास प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. ज्याची सावलीही समाजाला नको होती, त्याला माईंनी स्वतःच्या पाठीवर घेतले. बालक वाचला, माईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च रोजी त्यांचे परिनिर्वाण झाले. लेकराला उचलताना जात अथवा आजार पाहू नये, हाच आमचा शिक्षकधर्म होय.