आवाजाचा काटा जुळवणारे लॉर्ड रॅले

मिरवणुकीत शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी मोबाइलवर डेसिबल मोजले, तर एकाच्या फोनवर ८५ आणि दुसऱ्याच्या फोनवर ८८ दिसू शकतात. फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलमध्ये आठ तास सुरक्षित धरले, तर ८८ मध्ये चारच. मग खरा आकडा कोणता? यंत्र प्रमाणित यंत्राशी जुळवायचे म्हटले, तरी ते प्रमाणित यंत्र कशाशी जुळवायचे, हा प्रश्न उरतोच. तो सोडवला जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजेच लॉर्ड रॅले यांनी.

१८४२ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात जन्मलेला हा मुलगा तब्येतीने नाजूक होता. आजारपणामुळे शाळा वारंवार सुटली. तरीही १८६५ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. १८७२ मध्ये त्यांना संधिवाताचा ताप, म्हणजे रूमॅटिक फीवर झाला. हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडवू शकणारा हा आजार. त्या काळी पेनिसिलिन नव्हते. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि नाईल नदीवरच्या बोटीत त्यांनी ध्वनिशास्त्रावरचा ग्रंथ लिहायला घेतला. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये प्रसिद्ध झाले.

वडिलांच्या निधनानंतर टर्लिंगची मोठी जमीनदारी त्यांच्याकडे आली. तिचा कारभार त्यांनी धाकट्या भावावर सोपवला आणि घरातच प्रयोगशाळा थाटली. १८७९ मध्ये मॅक्सवेल गेल्यावर केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेची धुरा त्यांनी पाच वर्षे वाहिली. मेहुणी एलिनॉर सिजविक यांना सोबत घेऊन त्यांनी विजेच्या रोधाचे तेव्हाचे प्रमाण पुन्हा तपासले. त्यात एक टक्क्याहून जास्त चूक निघाली. सगळे जग ज्याच्याशी ताडून पाहत होते, तेच चुकलेले!

याच काळात, १८८२ मध्ये, त्यांनी ध्वनीची तीव्रता मोजणारे एक साधे उपकरण मांडले. रेशमी धाग्याला टांगलेली हलकी चकती ध्वनीच्या दिशेशी तिरकी ठेवायची. ध्वनीमुळे हवा मागेपुढे हलू लागली की चकती त्या हालचालीला आडवी होऊ पाहते. ती किती वळली, हे तिच्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाच्या ठिपक्यावरून कळते. यातली खरी गंमत अशी की चकतीचा आकार, हवेची घनता आणि धाग्याचा पीळ मोजला की हवेच्या कणांचा वेग गणिताने काढता येतो. दुसरे ध्वनिमापक लागतच नाही. पट्टी, तराजू आणि घड्याळ पुरते. वाऱ्याची झुळूक आली तरी प्रयोग बिघडायचा, पण या ‘रॅले चकती’वर पुढे अनेक दशके मायक्रोफोनचे कॅलिब्रेशन झाले. १९४० च्या दशकात अधिक अचूक विद्युत पद्धतीने तिची जागा घेतली.

हीच मापाची चिकाटी त्यांना आरगॉन वायूपर्यंत घेऊन गेली. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक नायट्रोजनपेक्षा जेमतेम अर्धा टक्का जड भरत होता. दुसऱ्या कुणी ती वजनातली चूक म्हणून सोडून दिली असती. १९०४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना या कामासाठी मिळाले. १९१९ मध्ये टर्लिंगलाच त्यांचे निधन झाले.

आज ध्वनिमापकाच्या मायक्रोफोनवर छोटा कॅलिब्रेटर बसवतात. तो १००० हर्ट्झचा ९४ डेसिबल, म्हणजे एक पास्कल दाबाचा सूर देतो. मापक ९४ दाखवत नसेल, तर तो जुळवून घेतात. फोनच्या चिमुकल्या मायक्रोफोनवर ही टोपी नीट बसत नाही. म्हणून फोन प्रमाणित मापकाशेजारी ठेवायचा, एकसारखा आवाज लावायचा आणि दोन्ही आकड्यांतला फरक अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये भरायचा. फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असल्याने ढोल किंवा डीजेचा दणका तो कमी दाखवू शकतो. ती उणीव या जुळवणीने भरून निघत नाही. एका फोनसाठी काढलेला फरक दुसऱ्या मॉडेलला लागू पडत नाही.