अक्षरांत दडलेला राम

शब्दकोडे पूर्ण भरल्यावर त्याच्याच चौकटींतून आणखी एक गुप्त उत्तर शोधणाऱ्या रसिकांना मोरोपंत पराडकर हे आपल्याच पंथाचे पूर्वज वाटावेत. १७२९ मध्ये पन्हाळगडावर जन्मलेले पंत तेथेच केशव व गणेश पाध्ये यांच्याकडे काव्यशास्त्र शिकले. पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीत स्थिरावले. त्यांनी १०८ रामायणे रचली, असे परंपरा सांगते. त्यांपैकी ‘मंत्ररामायणा’त तेरा अक्षरी राममंत्राची अक्षरे पद्यांत गुंफली आहेत, ती हेरणे हे वाचकाचे काम. ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायचे वर्ण वर्ज्य आहेत. ‘म’ हा ओष्ठ्य वर्ण, त्यामुळे रामकथेत ‘राम’ हे नावच येऊ शकत नाही. ते वाचकाने मनात ओळखायचे.

१७९४ मध्ये बारामतीतच निधन पावलेल्या पंतांवर पुढे कृत्रिमतेचा आरोप झाला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त त्यांचा कैवार घेतला. त्या आरोपाचे खरे उत्तर मात्र पंतांच्या ‘केकावली’तच आहे. केका म्हणजे मोराची हाक आणि ‘मयूर’ ही पंतांची काव्यमुद्रा. एरवी अक्षरांत देव दडविणाऱ्या या कवीने तेथे त्याला उघड, आर्त साद घातली आहे.