वाटी-चमच्याचे शास्त्र मांडणाऱ्या कमलाबाई ओगले

लग्न होऊन सासरी निघालेल्या मुलीच्या सामानात एक जाडजूड पुस्तक हमखास असायचे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मुलाच्या बॅगेतही आई तेच पुस्तक कपड्यांच्या घडीत सरकवून द्यायची. ‘रुचिरा’ हे त्याचे नाव आणि कमलाबाई ओगले या त्याच्या लेखिका. १९९९ मध्ये कमलाबाई गेल्या, त्याला आता पाव शतक उलटून गेले. पण तेलाचे डाग पडलेली आणि पानांत हळदीची बोटे उमटलेली त्यांची पुस्तके आजही अनेक घरांत ओट्याशेजारी सापडतात. पाककृतींचा हा संग्रह घराघरांत एवढा का रुजला, याचे उत्तर चवीबरोबरच मोजमापाच्या शास्त्रातही आहे.

कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, तेव्हाच्या औंध संस्थानातल्या कुंडल गावचा. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येते. त्या काळच्या बहुतेक मुलींप्रमाणे त्यांची शाळा लवकर सुटली. जेमतेम चौथीपर्यंतचे शिक्षण झाले. लग्नानंतर त्या सांगलीच्या ओगले कुटुंबात आल्या. स्वयंपाकाचे खरे शिक्षण त्यांना मिळाले ते सासूबाईंच्या हाताखाली. हे ऋण त्या कायम मानत राहिल्या. एखाद्या कारागिराकडे उमेदवारी करावी तसे ते शिकणे होते: पाहायचे, करायचे, बिघडले तर का बिघडले ते समजून घ्यायचे आणि पुन्हा करायचे.

१९७० मध्ये ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले, तेव्हा कमलाबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. मराठीत पाककृतींची पुस्तके त्याआधीही होती. एकोणिसाव्या शतकातच ‘सूपशास्त्र’ छापले गेले होते आणि १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले होते. मग ‘रुचिरा’चे वेगळेपण कशात होते?

त्यासाठी तो काळ आठवायला हवा. शेर, पावशेर, छटाक, तोळा ही मापे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत बाजारातले तराजू किलो-ग्रॅमवर आले. एक शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. आजीच्या तोंडची कृती शेर-छटाकात आणि दुकानदाराचे माप किलोत, अशी ओढाताण सुरू झाली. घरात तराजू कुणाकडेच नव्हता. त्यातच कुटुंबे विभागली जात होती. नवी सून मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत एकटी स्वयंपाक करू लागली होती आणि ‘अंदाजाने घाल’ असे सांगायला शेजारी सासू किंवा आई उरली नव्हती. अंदाज हा अनुभवातून येतो. ज्याच्याकडे अनुभव नाही, त्याला अंदाजाचा सल्ला निरुपयोगी असतो.

कमलाबाईंनी यावर सोपा तोडगा काढला. प्रत्येक घरात असणारी वाटी आणि चमचा हीच त्यांनी मापे धरली. वरवर साध्या दिसणाऱ्या या निवडीमागे पक्के गणित आहे. वाटीने आकारमान मोजले जाते, वजन नव्हे. साधारण २०० मिलिलिटरच्या वाटीत साखर १६५ ग्रॅमच्या आसपास मावते, पण कणीक ११० ग्रॅमच्या आसपासच, कारण पिठाच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. म्हणजे वाटी हे ग्रॅमचे माप नाही. पण एका वाटीला अमुक वाट्या पाणी, असे प्रमाण सांगितले की वाटी लहान असो वा मोठी, गुणोत्तर तेच राहते. दोन माणसांसाठी लहान वाटी घ्या, आठ माणसांसाठी मोठी. पदार्थ बिघडत नाही. प्रयोगशाळेतले रसायन असो वा घरातला शिरा, परिणाम ठरतो तो प्रमाणावर.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. वाटी मोठी घेतली आणि चमचा तोच ठेवला, तर मीठ, तिखट, सोडा यांचे प्रमाण चुकते. म्हणून मापाची वाटी आणि चमचा ठरवून ठेवावेत आणि वाटी बदलली तर चमच्याचा हिशेबही बदलावा.

अशा नेमक्या लिखाणामुळे स्वयंपाकघरातले पिढीजात शहाणपण टिकून राहिले, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना विज्ञानाचा आधार आहे. चकलीच्या किंवा शंकरपाळ्याच्या पिठात कडकडीत मोहन घालतात. तेल-तुपाचा थर पिठाच्या कणांभोवती बसतो, पाणी आत शिरणे अवघड होते आणि पदार्थ खुसखुशीत होतो. मोहन कमी पडले तर कडक, जास्त झाले तर तेलात विरघळतो. अळूच्या भाजीत किंवा वडीत चिंच चुकत नाही, कारण अळूतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खवखवतो. आंबटपणा आणि नीट शिजवणे यांनी तो त्रास कमी होतो. पोह्यांवर पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व धान्यातले लोह शरीरात शोषले जायला मदत करते. कडधान्याला मोड आणले की फायटेटचे प्रमाण घटते आणि खनिजे अधिक उपलब्ध होतात.

नगर, पारनेर, पाथर्डीकडच्या घरांना बाजरीचे उदाहरण लगेच पटेल. बाजरीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून ते कणकेसारखे ताणले जात नाही. गरम पाण्यात भिजवले की पिठातले स्टार्च फुगून चिकटपणा येतो आणि भाकरी थापताना चिरत नाही. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने दळलेले पीठ थोड्याच दिवसांत कडसर होते. म्हणूनच ते थोडे थोडे दळून आणण्याची रीत आहे. ही रीत पाळणाऱ्या बाईला रसायनशास्त्र ठाऊक नसेल, पण तिचे निरीक्षण अचूक होते. असे निरीक्षण कुणी लिहून ठेवले नाही, तर ते माणसाबरोबर जाते.

आरोग्याच्या दृष्टीने ‘रुचिरा’ची देणगी आणखी एका बाबतीत मोलाची आहे. जे मोजले जात नाही, ते कमी करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहूनही कमी मीठ जायला हवे. डॉक्टरांनी मीठ, तेल किंवा साखर कमी करा म्हटले, की चिमटी आणि धारेवर चालणारे घर गोंधळते. चमच्यात हिशेब असेल तर चाराचे तीन चमचे करता येतात, आणि महिन्याभरात जिभेलाही त्याची सवय होते. अर्थात ‘रुचिरा’ हे पथ्याचे पुस्तक नाही. त्यात सणाचे गोडधोड आहे, तळणही आहे. ते पदार्थ केव्हा आणि किती खायचे, हे ठरवणे खाणाऱ्याच्या हाती आहे.

‘रुचिरा’च्या आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेल्या, पुढे दुसरा भाग आला, इंग्रजी अनुवाद झाला. चौथी शिकलेल्या बाईचे पुस्तक इंजिनिअर आणि डॉक्टर झालेल्या मुलामुलींनी परमुलखात उघडले आणि पहिला वरणभात त्यावर बेतला. आज मोबाईलवर कोणतीही कृती क्षणात मिळते, पण चार ठिकाणी चार मापे असतात आणि ती करून पाहिलेली आहेत की नाहीत, हे कळायला मार्ग नसतो. कमलाबाईंच्या कृतीवर भरवसा होता तो त्यामुळेच: सांगितल्याप्रमाणे केले तर पदार्थ होतोच. पुन्हा केला तरी तसाच होणे, ही तर विज्ञानाचीच कसोटी.

अजूनही अनेक घरांत आजीच्या हातचे काळे मसाले, लोणची, भाजण्या केवळ अंदाजात आहेत. घरातली एक वाटी व एक चमचा ठरवावा, आजी जिन्नस घालत असताना प्रत्येक चिमूट आणि मूठ मोजून वहीत लिहावी, आणि त्या वहीबरहुकूम पदार्थ एकदा स्वतः करून पाहावा. चुकले तर विचारायला आजी आहे, तोवरच हे काम उरकायला हवे.