हृदयपेशीतील निरोप्याचा शोध घेणारे अर्ल सदरलंड

अचानक भीती वाटली की छातीत धडधडू लागते. रक्तात मिसळलेले ॲड्रिनॅलिन हे संप्रेरक हृदयाची गती आणि जोर वाढवते, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच वैद्यकाला ठाऊक झाले होते. मात्र हृदयाच्या स्नायूपेशीकडून ते हे काम कसे करवून घेते, याचे उत्तर मिळण्यास अर्धे शतक लागले. ते शोधले अमेरिकेचे शास्त्रज्ञ अर्ल सदरलंड यांनी.

सदरलंड यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१५ रोजी कॅन्सस राज्यातील बर्लिंगेम या लहानशा गावी झाला. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून १९४२ मध्ये ते डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात लष्करी वैद्यकीय सेवा बजावून परतल्यावर त्यांनी दवाखाना थाटला नाही. कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत संशोधन पत्करले.

संप्रेरकांचा परिणाम केवळ अखंड, जिवंत पेशीतच दिसतो, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. १९५३ मध्ये क्लीव्हलंडला गेलेल्या सदरलंड यांनी थिओडोर रॉल यांच्यासह यकृताच्या पेशी कुटून त्यांच्या द्रवात ॲड्रिनॅलिन मिसळले आणि परिणाम दिसून आला. यंत्रात वेगाने फिरवून त्या द्रवातील पेशीपटलाचे कण वेगळे काढताच मात्र तो नाहीसा झाला. मग केवळ त्या कणांवर ॲड्रिनॅलिनची क्रिया घडवली, तेव्हा उकळले तरी न बिघडणारा एक पदार्थ तयार झाला. तो उरलेल्या द्रवात घालताच संप्रेरकाशिवायच काम सुरू झाले. संप्रेरक पेशीच्या दारापर्यंतच येते, आतला निरोप्या वेगळा असतो, हे त्यातून उघड झाले. १९५७ च्या सुमारास ओळख पटलेला हा निरोप्या म्हणजे सायक्लिक एएमपी. एवढा साधा रेणू इतक्या निरनिराळ्या संप्रेरकांचे काम करत असेल, हे अनेकांना दीर्घकाळ पटले नाही.

हृदयाने या मताला बळ दिले. उंदराच्या धडधडत्या हृदयाला ॲड्रिनॅलिन दिल्यावर अवघ्या काही सेकंदांत सायक्लिक एएमपी वाढते आणि आकुंचनाचा जोर त्यानंतर वाढतो, असे सदरलंड यांच्या गटाने १९६५ मध्ये दाखवले. त्याच वर्षी हा रेणू त्यांना जिवाणूंतही आढळला. जिवाणूंत तो जनुकांना चालना देतो, हे इतरांनी पुढे सिद्ध केले.

१९७१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक सदरलंड यांना एकट्यांना मिळाले. ९ मार्च १९७४ रोजी मायामी येथे वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निरोप्याचा पेशीकेंद्रापर्यंतचा मार्ग त्यांच्या पश्चात उलगडला. सायक्लिक एएमपी जे एन्झाइम जागे करते, ते क्रेब नावाच्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते आणि ते प्रथिन ठरावीक जनुके सुरू करते, हे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. हृदयपेशीतही हीच साखळी आढळते. क्षणभराच्या भीतीने तिची हानी होत नाही. पण ॲड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांचा मारा महिनोन्महिने चालला, तर जनुकांचा कारभारच बदलतो. पेशी जाड होतात आणि हृदय थकत जाते. म्हणूनच, एके काळी हृदय दुर्बल झालेल्यांना वर्ज्य मानलेली बीटा ब्लॉकर औषधे आज अशा रुग्णांच्या उपचाराचा मुख्य भाग झाली आहेत.